अंगठ्याएवढा व्हॉल्व्ह

फ्रिजच्या दारातून थंडगार पाणी घेणं म्हणजे निव्वळ चैन, असं आपल्याकडे बहुतेकांना वाटतं. मॉलमधल्या शोरूममध्ये तो चकाचक साइड-बाय-साइड फ्रिज उभा असतो. सेल्समन ग्लास लावून दाखवतो, आपण 'वॉव' म्हणतो, किमतीचं लेबल वाचतो आणि गुपचूप पुढच्या काउंटरवर मिक्सर बघायला जातो. घरी माठ आहे, बाटल्या आहेत. कोणाला हवाय दारात नळ?

आमच्या घरी हा फ्रिज चैन म्हणून आला नाही. तो आला बाबांच्या हातांसाठी.

बाबांना पार्किन्सन्स आहे. हात थरथरतात. बाटली उचलायची, झाकण फिरवायचं, तिरकी करून ग्लासात ओतायची, यातलं प्रत्येक काम त्यांच्यासाठी आता एकेक परीक्षा आहे. माठाचं ओगराळं तर विचारूच नका. पाणी सांडायचं, आई पुसायची, कोणी काही बोलायचं नाही. मग बाबांनी त्यावर स्वतःचा उपाय शोधला. ते पाणीच कमी प्यायला लागले. मागायला नको, सांडायला नको! हे कळलं तेव्हा मी आणि भावाने मिळून तो फ्रिज घेतला. स्टीलचा पेला दोन्ही हातांनी धरायचा, दारातल्या पट्टीवर टेकवायचा, बस्स. पाणी आपोआप येतं. आई सुरुवातीला म्हणाली, "एवढ्या पैशात विहीर खणून झाली असती." आठवड्याभरात तिचा आवाज बंद.

घर कर्जत–खोपोली लाइनवर, केळवलीजवळ. मी ऐरोलीत राहते, आयटीत आहे आणि शनिवारी लोकल पकडून घरी जाते. कर्जतपर्यंत गाड्या भरपूर आहेत. पुढे खोपोलीचा तो एकेरी ट्रॅक आणि तिथली गाडी चुकली की मग फलाटावर बसून डोंगर बघायचे. पावसाळ्यात ते दिसतातही फार सुंदर. म्हणूनच तर सगळी मुंबई वीकेंडला इकडे येते. धबधबा, भजी, फार्महाउस, फोटो. फक्त सोमवारी सकाळी इथे राहणाऱ्या माणसाचा फ्रिज बिघडला, तर त्याचं काय होतं, ते त्या फोटोंत येत नाही.

कस्टमर केअरची कथा

जुलैच्या पहिल्या आठवड्यात आईचा फोन आला. बर्फाच्या डब्यातले सगळे खडे एकमेकांना चिकटून त्यांचा एकच दगड झालाय. दारातून रात्रभर टप टप चालू असतं आणि सकाळी फ्रिजसमोर थारोळं. बाबा त्यावरून घसरतील या धास्तीने तिने तिथे गोणपाट टाकलं होतं. आता घसरण्याऐवजी अडखळण्याची भीती!

कंपनीला फोन केला. नाव लिहीत नाही, कारण अनुभव सगळ्यांचा सारखाच असतो. आधी संगीत, मग एक दाबा, दोन दाबा. मग एका गोड आवाजाने पिनकोड विचारला आणि सांगितलं, "मॅम, हा एरिया आउट ऑफ सिटी आहे. टेक्निशियन यायला बारा दिवस लागतील, आणि व्हिजिट चार्ज वेगळा." बारा दिवस! वॉरंटी तर मे महिन्यातच संपली होती.

बाबा शेजारी बसून ऐकत होते. मी फोन ठेवल्यावर ते म्हणाले, "पाणी गळतंय ना? मग व्हॉल्व्हचंच काम असणार. त्यात काय बघायचंय!"

इथे बाबांची ओळख करून द्यायला हवी. ते खोपोलीच्या पॉवरहाउसमध्ये मेंटेनन्सला होते. तेहतीस वर्षं. आणि खोपोलीचं पॉवरहाउस म्हणजे साधी जागा नाही. लोणावळा, वळवण, शिरवटा या घाटमाथ्यावरच्या तलावांचं पाणी मोठमोठ्या पाइपांतून खाली सोडायचं, त्याच्या झोतावर चाकं फिरवायची आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालवायच्या, असा टाटांचा तो बेत. १९१५ साली तो सुरू झाला. पुढे १९२२ मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीला ठोकरवाडी धरणाच्या पाण्यावर दुसरं वीजगृह आलं. आपण ज्या डोंगरांसमोर सेल्फी काढतो, त्यांच्या अंगावरून उतरणारे ते जाड पाइप बघितलेत कधी? बाबांचं आयुष्य त्यांच्या पायथ्याशी गेलं. माणसापेक्षा मोठे व्हॉल्व्ह त्यांनी उघडले-मिटले आहेत. फ्रिजमधला व्हॉल्व्ह असतो अंगठ्याएवढा. पण अंगठाच ऐकत नसेल तर?

"डोकं माझं, हात तुझे," बाबा म्हणाले. "स्क्रू-ड्रायव्हर आण."

संशयित तीन

मला वाटलं होतं, लगेच मागचं पॅनेल उघडायचं. बाबांनी आधी खुर्ची मागवली, मग वही मागवली. "आधी विचार, मग पाना," हा त्यांचा जुना फंडा.

फ्रिजमध्ये नको तिथे पाणी दिसलं, तर संशयित साधारण तीन असतात. पहिला, ड्रेन. फ्रीजर स्वतःचा बर्फ अधूनमधून वितळवतो. ते पाणी एका छोट्या भोकातून खाली जाऊन मागच्या ट्रेमध्ये पडतं आणि तिथे वाळून जातं. ते भोक तुंबलं की फ्रीजरच्या तळाला बर्फाची लादी जमते किंवा पाणी खणांखाली साचतं. आमच्याकडे तळ कोरडा होता. पहिला सुटला.

दुसरा, दाराचं रबर. ते सैल पडलं की बाहेरची दमट हवा आत शिरते, आणि जुलैत आमच्याकडची हवा म्हणजे जवळजवळ पाणीच. त्याची टेस्ट सोपी आहे. दारात दहा रुपयांची नोट अडकवून दार लावायचं आणि नोट ओढायची. सहज निघून आली तर रबर गेलं. आम्ही चारही बाजूंनी ओढून बघितली, नोट घट्ट. दुसराही सुटला.

तिसरा, पाणी आत घेणारा इनलेट व्हॉल्व्ह. त्या रात्री आम्ही फ्रिजला पाणी पुरवणारा भिंतीवरचा कॉक बंद करून झोपलो. सकाळी दारात थेंब नाही, बर्फाच्या डब्यात नवा दगड नाही. म्हणजे हे पाणी फ्रिजने स्वतः तयार केलेलं नव्हतं, बाहेरून येत होतं.

"झालं ना मग? व्हॉल्व्ह गेला!" मी म्हटलं.

"थांब," बाबा म्हणाले. "व्हॉल्व्ह गळतोय की त्याला कोणीतरी उघडायला सांगतंय?"

याला म्हणतात अनुभव. दारातला स्विच अडकला किंवा कंट्रोल बोर्ड बिघडला, तर व्हॉल्व्हला नको तेव्हा वीज मिळते आणि तो इमानदारीत उघडतो. मग नवा व्हॉल्व्ह टाकूनही गळती चालूच. हा फरक ओळखायला काही लागत नाही, फक्त एक ग्लास लागतो. फ्रिजचा प्लग काढायचा. कॉक बंद करून मागच्या खालच्या बाजूचं पॅनेल उघडायचं. व्हॉल्व्हमधून बाहेर पडणाऱ्या नळ्या सोडवायच्या, तोंडाखाली ग्लास धरायचा आणि मग कॉक उघडायचा. विजेशिवायही थेंब पडले तर दोष व्हॉल्व्हचा. एकही पडला नाही तर व्हॉल्व्ह निर्दोष, बोर्डाकडे किंवा स्विचकडे वळा.

आमच्या ग्लासात दहा मिनिटांत बावीस थेंब पडले. बाबांनी वहीत लिहिलं. अक्षर मुंगीच्या रांगेसारखं झालंय त्यांचं, पण आकडा स्पष्ट होता.

तो बंद होतो कसा?

हा व्हॉल्व्ह मोठा गमतीचा असतो. आत तांब्याच्या तारेची कॉइल असते. वीज आली की तिचं चुंबक होतं आणि ते लोखंडाचा छोटा दट्ट्या वर ओढतं. त्यामुळे एक बारीक भोक उघडतं, रबरी पडद्याच्या वरचा दाब सुटतो आणि पाणीच पडद्याला उचलून वाट काढतं. वीज गेली की स्प्रिंग दट्ट्याला खाली ढकलते. पडद्यातल्या सुईएवढ्या छिद्रातून पाणी पुन्हा वर जमतं आणि त्याच्या दाबाने पडदा घट्ट बसतो. थोडक्यात, व्हॉल्व्ह मिटवायचं खरं काम वीज करत नाही, पाणीच करतं.

कॉइल बघायला मल्टिमीटर लावला. प्लग अर्थातच काढलेला. आकडा आला, म्हणजे तार शाबूत होती. काहीच आकडा आला नसता तर कॉइल जळालेली, पण तेव्हा तक्रार उलटी असती. पाणी गळण्याऐवजी आलंच नसतं.

मग तोंडाशी असलेली बारीक जाळी चिमट्याने बाहेर काढली. चहाच्या गाळणीचं तिसऱ्या चहानंतर जे होतं, तसं तिचं झालं होतं. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतं. त्यातली बारीक रेती या जाळीतूनही निसटते आणि पडद्याखाली जाऊन बसते. जाळी धुतली, व्हॉल्व्हमधून पाणी सोडलं, पुन्हा ग्लास लावला. नऊ थेंब. सुधारणा होती, पण पडद्यावर चरा पडलेला असावा. बाबांनी निकाल दिला, "बदला."

डब्यातून कल्याणला

पुढचा आठवडा जाम कठीण गेला. कॉक बंद, दारातलं पाणी बंद. मी रोज ऑफिसमधून फोन करायचे. आई हळू आवाजात सांगायची, "आज दीड ग्लास." दुसऱ्या दिवशी, "आज दोन, पण मी मागे लागले म्हणून." प्रोजेक्टची डेडलाइन एका बाजूला आणि माझ्या डोक्यात दीड ग्लास.

काढलेला व्हॉल्व्ह मी माझ्याकडेच ठेवला होता. जेवणाच्या रिकाम्या डब्यात घालून तो ऑफिसला नेला आणि संध्याकाळी तसाच कल्याणला. तिथल्या स्पेअर पार्टच्या दुकानात मी मोबाइलवर फोटो दाखवायला गेले, तर दुकानदार म्हणाला, "मॅडम, फोटो नको, जुना पीस दाखवा." मी डबा उघडला. तो हसला नाही. बहुतेक असे डबे त्याने पुष्कळ बघितले असणार.

दिसायला सगळे व्हॉल्व्ह भाऊ-भाऊ वाटतात, पण त्यात फसू नका. कॉइलवर व्होल्टेज छापलेलं असतं. काही थेट घरच्या विजेवर चालतात, काही कमी व्होल्टेजच्या डीसीवर. आउटलेट एक की दोन, नळीची जाडी किती, पार्ट नंबर काय, हे सगळं जुळलं पाहिजे. आमच्याला दोन आउटलेट होते, एक पाण्याचा, एक बर्फाचा. पार्ट नंबर जुळवून साडेआठशे रुपयांत नवा मिळाला.

टॉर्चचा उजेड

शनिवारी दुपारी बाहेर धो धो पाऊस आणि आम्ही दोघं फ्रिजच्या मागे. प्लग काढला, कॉक बंद केला, खाली परात ठेवली. वायरी कुठल्या कुठे होत्या त्याचा फोटो आधीच काढून ठेवला होता.

या नळ्या पुश-फिट असतात. नुसत्या ओढायच्या नाहीत. तोंडाजवळची रिंग आत दाबून धरायची आणि मग नळी अलगद बाहेर येते. पुन्हा बसवण्याआधी बाबांनी प्रत्येक नळीचं टोक ब्लेडने कापून घ्यायला लावलं. "काटकोनात काप. तिरकं कापलंस तर ओ-रिंगवर नीट बसणार नाही, आणि मग गळतीसाठी आपण नवीन जागा तयार केली!" मग नळी थांबेपर्यंत आत ढकलायची आणि एकदा मागे ओढून खात्री करायची.

टॉर्च बाबांनी धरला होता. उजेड कधी व्हॉल्व्हवर, कधी भिंतीवर, कधी माझ्या डोळ्यांत. मी काही म्हटलं नाही, जेवढं दिसत होतं तेवढ्यात काम करत राहिले. दोन मिनिटांनी त्यांनीच स्टूल ओढलं, टॉर्च त्यावर आडवा ठेवला आणि म्हणाले, "हा इथे बरा. माझ्या हातात नाचतो." आवाज अगदी सरळ होता. स्क्रू पिळताना मीच मान वर केली नाही.

नवा व्हॉल्व्ह बसला. प्लग न लावता कॉक उघडला, ग्लास ठेवला. अर्ध्या तासात एकही थेंब नाही. मी फ्रिज भिंतीला लावायला निघाले.

"हेड किती आहे?" बाबांनी विचारलं.

"काय?"

"टाकीतल्या पाण्यापासून या व्हॉल्व्हपर्यंत उंची किती? त्यालाच हेड म्हणतात. मोजलंय कोणी?"

फ्रिज बसवायला आलेल्या माणसाने लाइन सरळ गच्चीवरच्या टाकीला जोडली होती. त्याने काही मोजलं नव्हतं. मी छत्री घेऊन गच्चीवर गेले, सुतळीला नट बांधून खाली सोडला. साडेचार मीटर भरले. हिशेब सोपा आहे. १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण १ बार. खोपोलीला पाणी सुमारे ५०० मीटर उतरतं, म्हणजे ५० बार. आमच्या टाकीचा दाब अर्धा बारसुद्धा नाही. आणि फ्रिजच्या मॅन्युअलमध्ये किमान दाब लिहिला होता १.४ बार!

आता आठवा, तो पडदा घट्ट बसवतं कोण? पाण्याचा दाब. दाबच नसेल तर पडदा नुसता टेकतो, बसत नाही. त्यात रेतीचा एक कण आला की संपलं. म्हणजे रेतीने जुना व्हॉल्व्ह बिघडवला खरा, पण कमी दाबाने त्या रेतीला साथ दिली. नुसता पार्ट बदलून टेक्निशियन निघून गेला असता, तर कदाचित पुढच्या पावसाळ्यात तीच टप टप, तोच फोन, तेच बारा दिवस.

कर्जतहून वॉटर प्युरिफायर दुरुस्त करणारा एक मुलगा रविवारी आला. फ्रिजच्या लाइनवर त्याने गाळाचा फिल्टर टाकला आणि प्युरिफायरमध्ये असतो तसा छोटा पंप प्रेशर स्विचसह बसवला. लाइनमध्ये दाब भरला की पंप आपोआप बंद, उतरला की चालू. तासाभराचं काम. पहिले तीन-चार लिटर पाणी आणि बर्फाच्या पहिल्या दोन खेपा आम्ही फेकून दिल्या. नव्या नळीचा वास आणि आतली हवा निघून जायला ते करायचंच असतं. हवा अडकलेली असेल तर पहिले एक-दोन दिवस थोडे थेंब पडतातही, घाबरायचं नाही.

तुमच्याकडे असा फ्रिज असेल, तर एवढंच सांगते. वॉरंटी चालू असेल तर पॅनेल उघडू नका, कंपनीला बोलवा. वॉरंटी नसेल तर प्लग आणि कॉक बंद केल्याशिवाय मागे हात घालू नका. पार्ट मागवण्याआधी ग्लासाची टेस्ट करा. आणि एकदा गच्चीवर सुतळी घेऊन जाच. हेच गणित तुमच्या वॉशिंग मशीनलाही लागतं. त्यातही असाच व्हॉल्व्ह असतो, फक्त त्याला कमी दाब चालतो.

भिवपुरीच्या चाकांवरून उतरलेलं पाणी पेज नदीत जातं आणि पुढे उल्हास नदीत. म्हणून पेज उन्हाळ्यातही वाहती असते. खोपोलीचं पाणी पाताळगंगेला मिळतं. इतकी वर्षं हे मला भूगोलाच्या पुस्तकासारखं माहीत होतं. बाबा ते घरातल्या माणसांविषयी बोलावं तसं बोलतात. फ्रिजमागे घालवलेल्या त्या दोन शनिवारांत मी त्यांचं जितकं ऐकलं, तितकं त्याआधीच्या दहा वर्षांत ऐकलं नसेल.

त्या वहीत आता एक तक्ता आहे. तारीख, वेळ, दहा मिनिटांतले थेंब. दर रविवारी सकाळी बाबा दाराखाली पेला ठेवतात, घड्याळ बघतात आणि मला फोन करतात. 'कशी आहेस' वगैरे नंतर. आधी रीडिंग. "शून्य."

गेल्या रविवारी फोन आला नाही, म्हणून मीच केला. लाइट सकाळपासून गेली होती.

"मग रीडिंग राहिलं?" मी विचारलं.

"राहील कसं? पंप बंद आहे, पण लाइनमध्ये प्रेशर आहे. शून्य," बाबा म्हणाले. "तुझाच फोन येतो का, बघत होतो."